मुंबई–लंडन ८ तासांत? गणित अपुरं आहे

मुंबई–लंडन विमानप्रवास ८ तासांचा, असं सांगणाऱ्या एका लेखात ७,२०० किमी अंतराला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागून ८ तास काढलेत. पण ९०० हा हवेच्या सापेक्ष वेग. जाताना समोरून ताशी १०० किमी वारा असेल तर जमिनीवर ८०० उरतात, म्हणजे ९ तास. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून परतीचा प्रवास लवकर आटोपतो. हिवाळ्यात हा फरक जास्तच जाणवतो.

शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते; रांगेतली ही वाट तिकिटावरच्या वेळेत धरलेली असते.

आणि कृपा करून तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी करू नका! त्या स्थानिक असतात. मुंबईहून दुपारी १ ला निघून संध्याकाळी ५:३० ला लंडनला पोहोचलात, तर तिथलं घड्याळ आपल्या मागे असल्याने हिवाळ्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे १० तास. उन्हाळ्यात साडेचारच.