'वर्कफ्लोमध्ये कायमचीच लिंक वापरा' हा सल्ला मानू नका

ऑटोमेशन करणाऱ्यांमध्ये, म्हणजे रोजची कामं एकामागोमाग आपोआप चालणाऱ्या स्टेप्समध्ये (वर्कफ्लोमध्ये) बसवणाऱ्यांमध्ये, एक सल्ला सतत फिरत असतो: "वर्कफ्लोमध्ये फाइलची कायमची लिंकच वापरा. तात्पुरती लिंक मध्येच एक्स्पायर होते आणि सगळं अडकतं. लिंक लांबलचक असली की कुणाला अंदाज येत नाही, त्यामुळे धोकाही नाही." वर्कफ्लो अडकतात हे खरं आहे. पण त्यावर सुचवलेला इलाज आजारापेक्षा वाईट आहे.

"तात्पुरत्या लिंकमुळे वर्कफ्लो अडकतो."

नेमका कुठे अडकतो ते बघा. फॉर्म आला, इन्व्हॉइसची पीडीएफ तयार झाली, तिची लिंक शीटच्या रकान्यात गेली आणि काम मंजुरीसाठी थांबलं. मंजुरी चार दिवसांनी मिळाली. पुढच्या स्टेपने रकान्यातली लिंक उचलली, तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' अशी एरर. इथे मुदतीला दोष देऊन उपयोग नाही, कारण लिंक साठवून ठेवायलाच नको होती. रकान्यात फाइलचा आयडी किंवा स्टोरेजमधला पाथ (फाइलची जागा) ठेवा आणि लिंक मेलच्या स्टेपच्या अगदी आधी बनवा. मग मंजुरी महिन्याभराने आली तरी काही बिघडत नाही. रीट्राय (स्टेप फसल्यावरचा पुन्हा प्रयत्न) सुद्धा लिंक बनवणाऱ्या स्टेपपासूनच लावा, नाहीतर तीच मेलेली लिंक पुन्हा पुन्हा वापरली जाते.

मोठ्या सेवा हेच गृहीत धरून बांधल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लाउड एपीआयमध्ये (एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने सेवा वापरायची सोय) मीडियाची लिंक ५ मिनिटं चालते, ती संपली की मीडिया आयडी देऊन नवी मागायची. नोंदी ठेवायच्या नोशन या अ‍ॅपचा एपीआय स्वतःकडच्या फाइलची जी लिंक देतो, ती तासाभरात संपते. अशा लिंका डेटाबेसमध्ये भरून ठेवणं म्हणजे बिघाडाची तारीख आधीच ठरवणं.

"अंदाज येत नाही, म्हणून सुरक्षित."

लिंकचा अंदाज बांधत कुणी बसत नाही. लिंक फुटते ती एक्झिक्युशन लॉगमधून (वर्कफ्लो चालल्याच्या नोंदींमधून), एररच्या मेलमधून, फॉरवर्ड केलेल्या चॅटमधून. मायक्रोसॉफ्टच्या एआय संशोधकांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या एका सार्वजनिक रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) अझुर या मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडमधल्या स्टोरेजची अशीच लिंक दिली होती. द्यायची होती फक्त एआय मॉडेल्स, पण उघडं पडलं अख्खं स्टोरेज अकाउंट: ३८ टेराबाइट डेटा, त्यात दोन कर्मचाऱ्यांच्या संगणकांचे बॅकअप आणि टीम्सवरचे ३०,००० हून जास्त अंतर्गत मेसेज. विझ या सुरक्षा कंपनीने २०२३मध्ये हे उघडकीस आणलं. लिंकमधल्या टोकनची (परवानगीच्या चावीची) मुदत २०५१पर्यंत होती आणि त्यात फाइल बदलण्याची, पुसण्याची परवानगीसुद्धा होती. ही लिंक नावाला मुदतीची, पण व्यवहारात कायमचीच. तासाभराची लिंकही फुटू शकते आणि त्या तासात ज्याच्या हाती लागेल त्याला फाइल मिळते, हे मान्य. पण वर्षभरापूर्वीच्या लॉगमध्ये सापडलेली मेलेली लिंक कुणाच्याच कामाची नसते.

"कायमची लिंक तुटत नाही."

फोल्डर हलवला, शेअरिंगचं धोरण बदललं, मालकाचं खातं बंद झालं, की तुटते. त्याहून वाईट म्हणजे ती चालू राहते आणि आतली फाइल बदललेली असते. त्याच नावाने कुणी नवी फाइल चढवली, तर मंजुरी एका मजकुराला मिळालेली असते आणि ग्राहकाला दुसराच जातो. एरर येत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही.

"मग मुदतच मोठी द्या."

अ‍ॅमेझॉन एस३ आणि गुगल क्लाउड स्टोरेजमध्ये सध्याच्या पद्धतीने सही केलेल्या (साइन्ड, म्हणजे तात्पुरती परवानगी आतच असलेल्या) लिंकची कमाल मुदत ७ दिवस आहे. त्यातही एक खाच आहे, जिच्यावर लोक तासन्‌तास डोकं फोडतात: एस३ची लिंक तात्पुरत्या क्रेडेन्शियल्सनी (खात्याच्या थोड्या वेळाच्या चाव्यांनी) बनवली असेल, तर ती क्रेडेन्शियल्स संपताच लिंक मरते, मग तुम्ही ७ दिवस लिहिले असले तरी.

कायमच्या लिंकची जागा आहेच. वेबसाइटवरचा लोगो, न्यूजलेटरमधलं चित्र, छापलेल्या क्यूआर कोडमागचं माहितीपत्रक: जे जगाला दाखवायचंच आहे, त्याला मुदत लावू नका. खासगी फाइल मेलने पाठवायची असेल आणि ग्राहक मेल कधी उघडेल याचा भरवसा नसेल, तर मेलमध्ये आपल्याच डोमेनचा कायमचा पत्ता द्या. तिथे लॉगिन तपासा आणि क्लिक झाल्यावरच काही मिनिटांची लिंक बनवून तिकडे वळवा.