आवारातलं झाड तोडायला परवानगी लागतेच

पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या उपनगरांतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: 'कंपाउंडमधलं झाड सोसायटीच्या मालकीचं, ते तोडायला पालिकेची परवानगी लागत नाही. छाटणीला तर नाहीच. परदेशी झाडांना कायदा लागू नाही. एक तोडलं तर एक रोप लावलं की झालं.' यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि त्यावर विसंबून लोक करवतवाल्याला बोलावतात, म्हणून हे लिहितोय.

मालकीचा मुद्दा आधी. महाराष्ट्रात शहरी भागाला 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्याचं कलम 8 सांगतं की जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, वृक्ष प्राधिकरणाच्या (झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या पालिकेच्या समितीच्या) पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. म्हणजे सातबारा किंवा कन्व्हेयन्स डीड (मालकी हस्तांतराचा दस्त) दाखवून सुटका नाही. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या मथुरा-वृंदावन परिसरातल्या 454 झाडांच्या तोडीसाठी झाडामागे 1 लाख रुपये दंड कायम ठेवला. तिथले नियम वेगळे आहेत, पण त्यातलीही बहुतेक झाडं खासगी जमिनीवरच होती.

छाटणीबद्दलचा गैरसमज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. कायद्याच्या व्याख्येत 'तोडणे' म्हणजे फक्त बुंध्यावर करवत चालवणं नव्हे. जाळणं, कापणं, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. पार्किंगसाठी एका बाजूच्या फांद्या मुळापासून उडवल्या की भार दुसऱ्या बाजूला जातो. मोठ्या उघड्या कापातून बुरशी शिरते, खोड आतून पोकळ होतं आणि तेच झाड वादळात गाड्यांवर कोसळतं. मग 'बघा, धोकादायकच होतं' म्हणायला आपण मोकळे! बुंध्याला ड्रिलने भोकं पाडून रसायन ओतणं किंवा खोडाला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवणं ही तर सावकाश केलेली तोडच. झाड खरंच धोक्याचं असेल तर वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याकडे अर्ज करा, पाहणी होऊ द्या.

परदेशी झाडांचं म्हणाल, तर गोंधळ बहुधा 1964 च्या वृक्षतोड कायद्यामुळे होतो. त्यात कायदा कोणत्या झाडांना लागू आहे याची साग, आंबा, फणस, चिंच अशी अनुसूची, म्हणजे यादी आहे. 1975 च्या कायद्यात तशी यादी नाही, त्यामुळे गुलमोहर आणि रेन ट्रीलाही तेच संरक्षण आहे.

एका झाडाला एक रोप, हा हिशेबही चुकीचा. 2021 च्या दुरुस्तीने भरपाईची लागवड तोडलेल्या झाडाच्या वयाशी जोडली: झाड जितक्या वर्षांचं, तितकी नवी झाडं. वय 50 किंवा त्याहून जास्त असेल, तर ते हेरिटेज वृक्ष ठरतं. विनापरवानगी तोडलेलं प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे.

तोडीचा अर्ज आला की प्राधिकरणाला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. तशी नोटीस दिसली तर फोटो काढा आणि मुदतीत लेखी हरकत द्या. नुसतं 'झाड वाचवा' लिहू नका. बुंध्याचा घेर, फांद्यांवरची घरटी, आणि बांधकामाचा नकाशा जरासा सरकवून झाड वाचवता येतं का, हे लिहा. करवत चालू झालेली दिसली आणि नोटीस नसेल, तर आधी परवानगीचा कागद मागा. तो नसेल तर लगेच वॉर्ड ऑफिसला आणि पोलिसांना कळवा.