पाकीट फोडलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय, मला माहेरच्या, सोसायटीच्या आणि मुलीच्या शाळेच्या अशा तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: सुपरमार्केटमधून आणलेल्या खाण्याच्या वस्तूत खडा, तार, काच, अळी काहीही निघू दे, पाकीट फोडलं की दुकानाची जबाबदारी संपली, बिल नसेल तर तोंड उघडू नका, दुकान फक्त विकतं त्यामुळे बोलायचं तर कंपनीशी बोला, सरकारी तक्रारीत वकील लागतो आणि वर्षं जातात, म्हणून एकतर पाकीट बदलून घ्या आणि गप्प बसा, नाहीतर व्हिडिओ व्हायरल करा, कंपनी घाबरून लाखो रुपये देते. खाली ‘जनहितार्थ’ असं लिहिलंय.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि मी हे तळमळीने लिहितेय कारण ‘बदलून घ्या आणि गप्प बसा’ हे मी स्वतः करून बसलेय.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी लाडवांसाठी बारीक रवा आणला होता, घराजवळच्या सुपरमार्केटचा स्वतःच्या नावाचा, एक किलोचं पाकीट. कढईत तूप घालून भाजायला घेतला आणि उलथन्याखाली टिक असा आवाज आला. खडा असेल म्हणून बोटाने चाचपलं तर तार. साधारण नखाएवढी, करडी, केसापेक्षा जराशी जाड, एक टोक वाकलेलं. गिरणीत रवा तारेच्या जाळीतून चाळला जातो, जाळी झिजून तुटली की असले तुकडे मालात येतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी डोक्यात एवढंच आलं की हाच रवा मी परवा मुलीच्या डब्यात शिऱ्याला वापरला होता.

आमचे हे पाकीट आणि तार घेऊन दुकानात गेले. मॅनेजर अगदी गोड बोलला, सॉरी सर, लगेच नवीन पाकीट दिलं, जुनं पाकीट आणि ती तार ‘वर पाठवतो’ म्हणून ठेवून घेतली. आम्ही खूश. आठवडाभराने तळमजल्यावरच्या काकू वर आल्या, हातात तशीच तार, त्यांच्या रव्यातली. पाकिटावरचा बॅच नंबर आमच्या बदलून दिलेल्या पाकिटावरचाच. म्हणजे मॅनेजरने आम्हाला त्याच बॅचमधलं दुसरं पाकीट दिलं होतं आणि बाकीचा सगळा माल तसाच रॅकवर होता. काकूंच्या दाताला लागली ती तार, घशात गेली असती तर काय, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही, कारण मी त्याच दिवशी तक्रार केली असती तर ते पाकीट काकूंच्या घरी आलंच नसतं.

आता मेसेजमधले मुद्दे घेते.

‘पाकीट फोडलं की जबाबदारी संपली.’ अहो, पाकीट न फोडता आतली तार दिसणार कशी? अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६, त्याचं कलम ५४ वाचा. ज्या अन्नात बाहेरची वस्तू आहे असं अन्न विक्रीसाठी बनवणं, साठवणं, विकणं, वाटणं, आयात करणं या सगळ्याला १ लाखापर्यंत दंड आहे. पाकीट बंद हवं वगैरे अट त्यात नाही. फोडलेल्या पाकिटात एक अडचण मात्र खरी आहे, दुकानवाला म्हणू शकतो की तुमच्याच घरात पडलं असेल. म्हणून तर पुरावा नीट ठेवायचा, आणि यावर जरा जास्त लिहिते कारण आपण सगळे इथेच चुकतो.

वस्तू सापडली की हात थांबवा. आहे तिथेच फोटो काढा, मग पाकिटाचा फोटो, त्यात बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, एक्सपायरी आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. उरलेला माल पाकिटातच ठेवून तोंड बंद करा, वस्तू वेगळ्या छोट्या डबीत. किडा किंवा अळी असेल तर धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका, झिपच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. किड्याच्या शरीरात फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतं, ते उष्णतेने नष्ट होतं, त्यामुळे किडा पदार्थाबरोबर शिजला होता की नंतर पडला हे लॅबला तपासता येतं, पण किडा बरेच दिवस तसाच पडून राहिला की ते एन्झाइम आपोआपच कमी होत जातं आणि चाचणीला अर्थ उरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वस्तू दुकानदाराच्या हातात देऊ नका. दाखवा, फोटो काढू द्या, लेखी पोच घ्या, पण डबी परत पर्समध्ये. आम्ही तार देऊन आलो आणि आमच्याकडे सांगायला काही उरलं नाही.

२०२४ च्या जूनमधलं मालाडचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल, ऑनलाइन मागवलेल्या आइस्क्रीमच्या कोनमध्ये माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला होता. ज्यांना तो मिळाला ते डॉक्टर होते, त्यांनी तुकडा बर्फात ठेवला आणि पोलिसांकडे नेला. म्हणूनच पुढे डीएनए तपासून कळलं की तो इंदापूरच्या कारखान्यातल्या कामगाराच्या बोटाचा आहे. किळस येऊन कचऱ्यात टाकला असता तर विषय तिथेच संपला असता.

‘बिल नसेल तर बोलूच नका.’ बिल असेल तर उत्तमच, पण यूपीआयची नोंद, लॉयल्टी कार्डावरची खरेदी, ॲपमधली ऑर्डर हे सगळं दाखवता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. आणि ‘विकलेला माल परत घेणार नाही’ असं बिलावर छापलेलं बघून घाबरू नका, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हेही त्याच यादीत येतं, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. बिल दुसऱ्याच्या नावावर असलं तरी चालतं, कारण विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूस पण कायद्याने ग्राहकच असतो. हे तत्त्व काही नवीन नाही. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका बाईला मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली, बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली असं त्या बाईचं म्हणणं, पैसे मैत्रिणीने दिलेले, तरीही १९३२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं की बनवणाऱ्याची जबाबदारी शेवटी पिणाऱ्यापर्यंत जाते.

‘दुकान फक्त विकतं.’ हा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून जास्त फसवा आहे. सीलबंद ब्रँडेड मालात चूक बहुतेक वेळा कारखान्यात झालेली असते हे बरोबर. पण सुपरमार्केटमधल्या डाळी, रवा, पोहे, शेंगदाणे यांची पाकिटं बघा, कितीतरी पाकिटांवर त्या दुकानाचंच नाव असतं, माल पोत्यातून येतो आणि तेच पॅक करतात किंवा करवून घेतात. तिथे ‘आम्ही फक्त विकतो’ हे चालत नाही. सुट्टा माल असेल आणि तो कोणाकडून आला हे दुकानाला सांगता येत नसेल तर २००६ च्या कायद्याचं कलम २७ थेट विक्रेत्याला जबाबदार धरतं, एक्सपायरी उलटलेला किंवा घाणीत ठेवलेला माल विकला तरी तसंच. एकमेकांकडे बोट दाखवणं तर जुनंच आहे, २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या तेव्हा कंपनी म्हणाली दुकानात साठवण नीट नाही, एफडीए, म्हणजे राज्याचं अन्न आणि औषध प्रशासन, म्हणालं पॅकिंगच नीट नाही, आणि २००४ च्या सुरुवातीला कंपनीने पॅकिंग बदललं. लोकांनी तक्रारी केल्या म्हणून बदललं. त्यामुळे दुकान की कंपनी हा वाद आपण घालायचाच नाही, तक्रार दोघांच्या नावाने करायची.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, धान्यातली प्रत्येक कीड दुकानाची नसते. तांदळातला सोंड्या दाण्याच्या आतच अंडी घालतो, त्यामुळे बंद पाकिटातही किडे निघू शकतात, पण जाळी करणाऱ्या काही अळ्या पातळ प्लास्टिक कुरतडून बाहेरून आत शिरतात. तीन महिन्यांपूर्वी आणून फोडलेल्या, डब्यात ओतलेल्या रव्यात पोरकिडे झाले तर ते घेऊन दुकानात भांडायला जाऊ नका. कालपरवा आणलेलं बंद पाकीट असेल तर जरूर जा.

‘सरकारी तक्रारीचा उपयोग नाही.’ काकूंच्या तारेनंतर आम्ही दोघी मिळून एफडीएकडे गेलो, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या ऑफिसात. तिथे मला जे समजलं ते कोणीच मेसेजमध्ये लिहीत नाही. तुमचं फोडलेलं पाकीट त्यांना तक्रार म्हणून पुरतं, पण कायदेशीर नमुना अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः दुकानातून घेतो, त्याचे चार भाग करून सील करतो, एक भाग विश्लेषकाकडे जातो आणि रिपोर्टला १४ दिवसांची मुदत असते. म्हणजे त्याच बॅचचं पाकीट रॅकवर शिल्लक असेपर्यंत तक्रार पोचली पाहिजे! दिवाळीच्या आठवड्यात रवा चार दिवसांत संपतो, तुम्ही पंधरा दिवसांनी गेलात तर अधिकारी तरी काय उचलणार. २००६ च्या त्याच कायद्यात कलम २६ मध्ये असंही आहे की बॅचमधलं काही अन्न असुरक्षित निघालं तर उलट सिद्ध होईपर्यंत अख्खी बॅच असुरक्षित धरायची. माझ्या दृष्टीने तक्रार करायची ती या एका ओळीसाठी, माझ्या पाकिटाच्या पैशांसाठी नाही.

ऑफिसला जाणं जमत नसेल तर एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट ॲप आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ऑनलाइन मागवलं असेल तर त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असा २०२० पासून नियम आहे. वकील लागत नाही, जिल्हा ग्राहक आयोगातही स्वतः बोलता येतं, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि मुदत दोन वर्षं. आयोगात तारखा पडतात, वेळ जातो, हे मात्र मी नाकारणार नाही. पण आयोग हे पुढचं पाऊल आहे, रॅकवरचा माल हलवायला एफडीए लागतं आणि तिथे वर्षं जात नाहीत.

‘व्हिडिओ टाका, लाखो मिळतात.’ व्हिडिओ काढा, पाकीट फोडण्याआधीच शंका आली तर सलग काढा, पण तो आधी पुराव्यासाठी. व्हिडिओतून लॅबला नमुना मिळत नाही. आणि ‘इतके पैसे द्या नाहीतर व्हायरल करतो’ असं चुकूनही बोलू नका, ती खंडणी होते, मग तक्रारदाराचाच आरोपी व्हायला वेळ लागत नाही. पैशांचं म्हणाल तर २००६ च्या कायद्यात इजा झाली तर भरपाई आहे, साध्या इजेला १ लाखापर्यंत, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, पण इजा आणि त्या अन्नाचा संबंध दाखवावा लागतो, म्हणजे डॉक्टरांचे कागद लागतात. नुसती तार दिसली म्हणून कोणी लाखो देत नाही.

आमच्या तक्रारीनंतर अधिकारी तिसऱ्या दिवशी दुकानात गेले, त्या बॅचची शिल्लक पाकिटं रॅकवरून काढली गेली, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. काकूंची तार माझ्याकडे आहे, जुन्या कुंकवाच्या डबीत, झाकणावर बॅच नंबरची चिठ्ठी चिकटवून.