झेरॉक्सच्या कामाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

बीडच्या एका संस्थेतल्या माझ्या इंटर्नशिपच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की दोन महिने झेरॉक्स काढून कुणाला हक्क मिळत नसतात, आणि असलं बिनपगारी काम खात्यापित्या घरच्या पोरांनाच परवडतं.

दुसरा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. लेखात मी तो टाळला, ही माझी चूक. बीडला मावशीचं घर होतं म्हणून मला जमलं. खोली करून राहावं लागलं असतं तर जमलं नसतं. संस्थेनं प्रवासखर्च दिला, पण तोही तिसऱ्या आठवड्यात मी मागितल्यावर. तोवर लाजेनं गप्प होते. आता कुणी विचारलं तर मी सांगते, पहिल्याच दिवशी विचारा : मानधन आहे का, जाण्यायेण्याचं काय?

झेरॉक्सचं मात्र मला पटत नाही.

संस्थेकडं गायरानाची, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीची, प्रकरणं होती. मराठवाड्यात हा प्रश्न जुना, आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हापासून गाजतोय. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसत असलेल्या भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. पण त्या तारखेआधी जमीन आपण कसत होतो, हे सिद्ध कसं करायचं? सातबाऱ्यावर तर नाव नाही.

एक आजी पत्र्याच्या डब्यात कागद घेऊन आल्या. "मालक म्हनायचे, फेकू नको. दंड भरला तवाच्या पावत्या हायेत, बाई." अतिक्रमण केलं म्हणून १९८६ साली आकारलेल्या दंडाची पावती! घडीवर फाटलेली, शाई उडालेली. तोच सगळ्यांत भक्कम पुरावा. ती झेरॉक्सवाल्याच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नाही. मीच काचेवर पसरली, तीनदा गडद करून काढली, तेव्हा कुठं गट नंबर वाचता आला. मग त्याच गटासाठी गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीची, नक्कल माहिती अधिकारात मागितली. आजींचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत होतं, त्यांच्याच नावानं अर्ज केला, म्हणून दहा रुपये शुल्कही लागलं नाही. मुदत ३० दिवसांची; मी वहीत तारीख मांडून ठेवली होती, एकतिसाव्या दिवशी अपिलाचा मसुदा तयार होता.

हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. कायद्याची कलमं पाठ होती, पण तलाठ्याची नोंदवही मी तोवर डोळ्यांनी पाहिली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिथंच शिकले. आजी निघताना मी बोलून गेले, "होईल आजी काम." संस्थेतल्या आमच्या ताईंनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "अर्ज आपण करतो, निर्णय सरकारचा. तेवढंच सांगायचं." दुसऱ्या दिवशी मी एसटीनं आजींच्या गावी गेले आणि तसं स्पष्ट सांगून आले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ठावं हाय मला. पर तू आलीस."

तुम्ही लिहिलंय, भाचीला अशा ठिकाणी पाठवणार नाही. माझी विनंती आहे, आधी तिला संस्थेला दोन गोष्टी विचारू द्या : खर्च देता का, आणि एखादं प्रकरण पहिल्या कागदापासून पाहायला मिळेल का. दोन्हीला हो आलं तर पाठवा. माझी तारखांची वही मी तिला देईन.