कादंबरीचं शेपूट आणि दहा मार्क

'आजकालची पोरं वाचत नाहीत.' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. लग्नात भेटलेले काका म्हणतात, स्टाफरूमबाहेर उभ्या मॅडम म्हणतात, रविवारच्या पुरवणीत कुणी ना कुणी निवृत्त गृहस्थ उसासे टाकत म्हणतात. यापुढे जो कुणी म्हणेल त्याच्या हातात मी बारावीचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक, युवकभारती, ठेवणार आहे. उघडा चौथा विभाग आणि दाखवा मला, यात वाचायचं काय आहे ते.

चौथा विभाग म्हणजे कादंबरी. बोर्डाला वाटलं, मुलांना जगातल्या गाजलेल्या कादंबऱ्या कळाव्यात. फार छान वाटलं. मग केलं काय? आधी एक धडा कादंबरीच्या इतिहासाचा. गॉथिक कादंबरी म्हणजे काय, पिकारेस्क म्हणजे काय, पत्ररूप म्हणजे काय. आयुष्यात एक कादंबरी न वाचलेल्या पोरांनी कादंबरीचे प्रकार पाठ करायचे. त्यानंतर तीन कादंबऱ्यांचे तीन उतारे. ऐंशी मार्कांच्या पेपरात या सगळ्याला दहा मार्क. झाली कादंबरी.

उतारे तरी कसे निवडलेत बघा. ज्यूल व्हर्नची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'. फिलिआस फॉग नावाचा माणूस लंडनच्या क्लबात वीस हजार पौंडांची पैज लावतो की ऐंशी दिवसांत मी पृथ्वीला फेरी मारून येईन. अख्ख्या पुस्तकाचा जीव एकाच प्रश्नात अडकलेला असतो: पोहोचतो का नाही? आणि आमच्या पुस्तकात काय आहे? शेवट! उतारा सुरू होतो तेव्हा फॉगसाहेब इंग्लंडात परत येऊन कस्टम हाउसमध्ये कैदेत बसलेत. का बसलेत, त्यांना पकडणारा तो फिक्स कोण, सोबतची औदा कोण, पासपार्तू कोण, काही पत्ता नाही. आणि चार पानांनी कळतं की पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे एक दिवस वाचला आणि पैज जिंकली. संपलं! जगातल्या सगळ्यात गाजलेल्या शेवटांपैकी एक, आणि तो आम्हाला प्रवासच न घडवता हातात कोंबला. वर प्रश्न, 'फॉगने पैज कशी जिंकली? पन्नास शब्दांत लिहा.' अहो, तो हरेल की काय अशी धाकधूक आम्हाला कधी वाटलीच नाही, तर तो जिंकला याचं कौतुक कुठून आणू?

खरा संताप पुढेच आहे. मी कल्याणला राहते. धडा वाचून काहीच लागेना म्हणून मूळ पुस्तक फोनवर उतरवलं. दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, फुकट मिळतं. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचत होते आणि अचानक कल्याण आलं. पुस्तकात! फॉग बोटीने मुंबईला उतरतो, त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन पळतो, मग गाडी ठाण्यावरून निघते, कल्याणला खंडाळा-पुण्याचा फाटा फुटतो, गाडी घाट चढते, पुढे खानदेश, वेरूळ-औरंगाबादचाही उल्लेख. एका ठिकाणी रूळच संपतात, कारण पुढची लाइन अजून टाकलेलीच नाही. मग हा माणूस हत्ती विकत घेतो! आणि जंगलात त्यांना दिसते सती नेली जाणारी औदा. तिला सोडवण्यासाठी पासपार्तू जे करतो ते मी इथे सांगणार नाही. बोर्डाने शेवट फोडला म्हणून मी मधला भाग फोडणार नाही.

तर कादंबरीतला जो भाग आमच्या रोजच्या रुळांवरून जातो तो गायब. औदा आम्हाला थेट लंडनच्या घरात भेटते, फॉगला लग्नाचं विचारताना. ती मुंबईत शिकलेली, एका पारशी व्यापाऱ्याची मुलगी, चितेवरून वाचलेली, हे काही नाही. धड्यात एक बाई आहे, बस्स. वर गाईडमध्ये तिच्या स्वभावाचे चार मुद्दे.

आणि हो, व्हर्नने आपल्याकडचं जे वर्णन केलंय ते वाचून काही ठिकाणी राग येतो. गडी कधी इथे आला नव्हता. रानात चाललेली ती मिरवणूक, ते पुजारी, सगळं ऐकीव आणि भडक. मला वर्गात यावर भांडायचं होतं. हा माणूस आपल्याबद्दल असं का लिहितो आणि तरी पुस्तक हातातून सुटत नाही ते का, यावर अख्खा तास गेला असता. त्याऐवजी सरांनी फळ्यावर लिहून दिलं: फॉग वक्तशीर, शांत, दृढनिश्चयी. उतरवून घ्या, दोन मार्कांना येतं.

दुसरा उतारा 'द साइन ऑफ फोर'चा. इथे उलटा कारभार, फक्त सुरुवात. मिस मॉर्स्टन शेरलॉक होम्सकडे येते, वडील बेपत्ता झाल्याचं सांगते, दरवर्षी कुणीतरी न चुकता एकेक करून पाठवलेले सहा मोती दाखवते आणि थिएटरच्या बाहेर तिसऱ्या खांबापाशी या असं पत्र दाखवते. आणि रहस्य सुटण्याआधीच उतारा संपला! मोती कुणी पाठवले? वडिलांचं काय झालं? आमच्या वर्गातल्या एका पोराने हेच विचारलं. सर म्हणाले, 'ते अभ्यासक्रमात नाही.' म्हणजे रहस्यकथेतलं रहस्य अभ्यासक्रमात नाही! एवढंच सांगते की त्या मोत्यांची वाट १८५७ च्या आग्र्याच्या किल्ल्यापर्यंत आणि अंदमानापर्यंत जाते. इथल्या पोरांना खुर्चीच्या टोकावर बसवायला अजून काय हवं होतं? पण नाही. ॲक्टिव्हिटी शीटमध्ये जोड्या लावा.

एका कादंबरीचं फक्त शेपूट, दुसरीचं फक्त डोकं. ही शिकवण्याची पद्धत आहे का खाटकाचं दुकान?

मराठीकडे वळावं तर तिथे कादंबरीच नाही. अकरावीला साहित्यप्रकार नाटक, बारावीला कथा. कादंबरीला दोन्ही वर्षांत जागा नाही. वा रे वा! ज्या भाषेत 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ सालीच आली, त्या भाषेच्या बारावीला कादंबरी इंग्रजीतून कळते, तीही तुकड्यांत. हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' साप्ताहिक १८९० मध्ये निघालं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः यायला लागली. होम्सची ही कादंबरीही त्याच सालची. आपट्यांच्या कादंबरीत यमू नावाची मुलगी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, लहानपणापासून. लोक पुढच्या अंकाची वाट बघत वाचायचे. आम्हाला ती फक्त 'लेखक ओळखा'मध्ये भेटते.

आता काकांवर येते. काकांचं पालुपद ठरलेलं आहे, 'आम्ही तुमच्या वयात मृत्युंजय एका रात्रीत वाचून काढलं!' काका, ते पुस्तक सातशे पानांच्या वर आहे. एका रात्रीत तुम्ही ते उचललं असेल. पण समजा, चार रात्रींत वाचलंत. तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, की कर्णाचं स्वभावचित्र पन्नास शब्दांत लिही, कथानकातला संघर्ष स्पष्ट कर आणि मार्जिन सोडून लिही? तुम्ही ते वाचलंत कारण आजोबा 'अभ्यासाचं वाच' म्हणून ओरडत होते आणि ते पुस्तक अभ्यासाचं नव्हतं! आमच्या वाट्याला गोष्टच अभ्यासाची करून आलीय.

यावर लगेच कुणीतरी म्हणणार, मग अख्खी कादंबरी लावली असती तर वाचली असतीत का? बरोबर प्रश्न आहे. माझा आतेभाऊ सीबीएसईचा. त्याच्या वेळी बारावीला खरंच अख्खी कादंबरी असायची, एच. जी. वेल्सची 'द इनव्हिजिबल मॅन' नाहीतर 'सायलस मार्नर'. दादाने वेल्स वाचला का? नाही. त्याने प्रकरणवार सारांश वाचला, कारण पेपरात प्रश्न सारांशावरच यायचे. अदृश्य होण्याची मजा, त्या माणसाचं हळूहळू क्रूर होत जाणं, यातलं काहीही न अनुभवता त्याला भरभक्कम मार्क पडले. पुढे सीबीएसईने ती कादंबरीसुद्धा काढून टाकली. म्हणजे पुस्तक अख्खं असो की तुकडा, प्रश्नच जर पाठांतराचे असतील तर पोरं पाठच करणार. पुस्तक वाचलेल्याला आणि गाईड वाचलेल्याला सारखेच मार्क मिळत असतील, वर सीईटीचा क्लास डोक्यावर असेल, तर पुस्तक वाचणारा वेडाच नाही का ठरत? मी वेडी ठरले. औदाबद्दल पन्नासऐवजी दीडशे शब्द लिहिले, मुंबईचा आणि चितेचा भाग घालून. तपासून आलं, 'उताऱ्याबाहेरचे मुद्दे'. एक मार्क कापला. पुस्तक वाचल्याबद्दल मार्क कापला!

मग येतो १५ ऑक्टोबर. वाचन प्रेरणा दिन. दरवर्षी आम्हाला ओळीने मैदानात बसवतात, हातात पुस्तकं देतात, फोटो काढतात. मागच्या खेपेला मला 'घरगुती विद्युत जोडणी' आलं होतं. फोटोत मी फार प्रेरित दिसतेय. फोटो झाला की पुस्तकं गोळा करून कपाटात, कपाटाला कुलूप. पुस्तक घरी न्यायला मागितलं तर 'हरवलं तर कोण भरणार?' मग पुन्हा भाषण, की मुलं मोबाइलवरच असतात. हो, असतो! तुमचं कपाट बंद आहे आणि व्हर्न मोबाइलवर आहे.

तिसरा उतारा शेवटासाठी ठेवला होता, कारण तो वाचून मला हसावं की रडावं कळेना. 'टू सर, विथ लव्ह', ई. आर. ब्रेथवेट, १९५९. लंडनच्या ईस्ट एंडमधली गरीब वस्तीतली शाळा. उताऱ्यात काय आहे माहितीय? विद्यार्थी परिषदेचा सहामाही अहवाल. मुलं स्टेजवर येतात, काय शिकलो ते सांगतात, आणि मग शिक्षकांना प्रश्न विचारतात. डेनम नावाचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणतो की पी.टी.चा तास निरर्थक आहे, त्याच त्या कवायती, त्यापेक्षा एखादा खेळ बरा. त्याला कुणी खाली बसवत नाही. समोर बसलेल्या शिक्षकांना उत्तर द्यावं लागतं. हा उतारा बोर्डाने स्वतः निवडलाय!

मी हात वर करून विचारलं, 'सर, आपणही असं एकदा करूया का? या अभ्यासक्रमाबद्दल आम्हाला काय वाटतं ते बोलू.' वर्गात पहिल्यांदाच सगळी पोरं जागी झाली. मागच्या बाकावरचे फोन खाली गेले. सरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, पोर्शन संपवायचाय, प्रिलिम जवळ आली. आणि डेनमचं स्वभावचित्र फळ्यावर लिहायला घेतलं. पहिला मुद्दा: निर्भीड.