मणक्यातलं सिमेंट: शेवटचा एक मिली

व्हर्टिब्रोप्लास्टीनंतर, म्हणजे मोडलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरल्यावर, नातेवाईक विचारतात, "मणका पूर्ण भरला ना?" पूर्ण भरायचा नसतोच. कमरेच्या मणक्यात साधारण ४ ते ६ मिली, पाठीच्या मणक्यात २ ते ४ मिली, कित्येकदा त्याहूनही कमी सिमेंट पुरतं. एक्स-रे छान दिसावा म्हणून रेटलेला शेवटचा एक मिली बाहेर गळण्याची भीतीच जास्त.

हे सिमेंट म्हणजे पीएमएमए, एक प्रकारचं प्लास्टिक. पावडर आणि मोनोमर नावाचा द्रव मिसळले की ते आधी पातळ, मग टूथपेस्टसारखं, मग दगड. पातळ असताना ढकललं तर हाडात न थांबता शिरांत शिरतं. तिथून मज्जारज्जूच्या नळीत, नाहीतर थेट फुफ्फुसात. सिरिंजच्या टोकाला लोंबतं पण टपकत नाही, तेव्हाच सुरू करावं. पाकिटावरच्या मिनिटांवर विसंबू नये, कारण थिएटर गरम असेल तर सिमेंट लवकर घट्ट होतं. वेळ वाढवायला जास्त मोनोमर घालणं मला अजिबात मान्य नाही: ताकद घटते आणि न जुळलेला मोनोमर रक्तात जातो.

सुई ११ किंवा १३ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप), पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या मागच्या बाजूच्या हाडाच्या खांबातून. समोरून घेतलेल्या चित्रात टोक पेडिकलची आतली कड ओलांडण्याआधी बाजूच्या चित्रात ते मणक्याच्या मागच्या भिंतीच्या पुढे गेलेलं हवं. नाहीतर नळीत छिद्र पडलंच समजा. मग टोक मणक्याच्या पुढच्या एक तृतीयांश भागात. १ मिलीच्या सिरिंजने, सी-आर्मवर (थिएटरमधल्या चालत्या एक्स-रेवर) नजर ठेवून, थोडंथोडंच. बाजूच्या चित्रात सिमेंट मागच्या पाव भागात पोचलं की थांबायचं. शिरेत रेघ दिसली तरी हात तिथेच थांबवावा, सिमेंट घट्ट होऊ द्यावं; तरीही गळत असेल तर तो मणका तिथेच सोडावा. भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवावं, कारण सिमेंट आत जाताना रक्तदाब आणि ऑक्सिजन घसरू शकतो. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त मणके नकोत.

पण आधी प्रश्न हा, की सिमेंट हवंच का? २००९ मध्ये दोन चाचण्यांत सिमेंट न घालता केलेल्या लुटुपुटूच्या प्रक्रियेपेक्षा फायदा दिसला नाही. २०१६ च्या एका चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतल्या, खूप दुखणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये दिसला. म्हणून एमआरआयवर मणक्यात सूज, म्हणजे फ्रॅक्चर ताजं असल्याची खूण, दिसल्याशिवाय सुई हातात घेऊ नये. जंतुसंसर्ग असेल किंवा रक्त गोठण्यात दोष असेल, तर आधी तो निस्तरावा.

प्रक्रियेनंतर पायात नवी कमजोरी आली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता लगेच सीटी करावा.