‘ज्याला गरज आहे तो जातोच’ म्हणणाऱ्यांना

‘एक सांगलीकर’ यांस,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. समलिंगी आणि ट्रान्स मुलामुलींना एचआयव्ही, गुप्तरोगाची तपासणी करून घेताना मान खाली घालावी लागू नये, एवढंच मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “तपासणी फुकट आहे, सगळ्यांना सारखी आहे. ज्याला गरज आहे तो जातोच. यांना काय पायघड्या घालायच्या?” आणि पुढे ‘असली थेरं’. हा शब्द लागतोच का हो तुम्हाला? घरात पुतण्या-भाचा असेल, त्याच्याशीही असंच बोलता?

एक चूक मान्य. तपासणी केंद्राच्या नोंदवहीत फक्त स्त्री आणि पुरुष एवढेच रकाने असतात, असं मी लिहिलं होतं. तृतीयपंथींची नोंदही होते. लेखात दुरुस्त केलंय.

पण ‘ज्याला गरज आहे तो जातोच’? नाही जात. मी बावीस वर्षांचा होतो. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा आमच्या डोक्यावर आलं. त्यानंतर महिनाभराने, छाती घट्ट करून, मी एका सरकारी केंद्रात गेलो. दार सताड उघडं. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, “बाईकडे गेला होतास?” मी नाही म्हटलं. “मग कशाला आलास?” बाहेरच्या बाकावर आमच्या गल्लीतले एक काका बसले होते. रक्त न देताच उठलो.

पुढची तीन वर्षं कुठेच गेलो नाही. शेवटी रात्रीची एसटी धरून पुणं गाठलं. तिथल्या समुपदेशकाने आधी दार लावलं, मग ‘जेवलास का’ विचारावं तसं विचारलं, “जोडीदार पुरुष, बाई, की दोन्ही?” तेवढ्यावर मी सगळं सांगून मोकळा झालो. सिफिलिस निघाला. तो कधीपासूनचा हे सांगता येईना, म्हणून दर आठवड्याला एक अशी पेनिसिलिनची तीन इंजेक्शनं. तीन वेळा सांगली-पुणे, घरी तीन वेगळ्या थापा.

आणि ‘सगळ्यांना सारखी’ म्हणता, तर ऐका. सिफिलिसचा पहिला चट्टा बहुतेकदा दुखत नाही, आपोआप भरूनही येतो. तो तोंडात किंवा गुदद्वारात असू शकतो. जोडीदार कोण हे विचारलंच नाही, तर डॉक्टर तिथे बघतील कशाला? दार लावणं, हा एक प्रश्न नीट विचारणं, ट्रान्स मुलगी जे नाव सांगेल त्याच नावाने तिला हाक मारणं, याला पायघड्या म्हणत नाहीत. संमती आणि गुप्तता तर २०१७च्या एचआयव्ही कायद्यानेच बंधनकारक केलीय.

संस्कृती, पालक वगैरे बाकीच्या मजकुराला उत्तर देत बसत नाही. ‘हे बाहेरचं खूळ’ एवढं मात्र सांगलीकर म्हणवून लिहू नका. याच सांगलीत धंद्यातल्या बायकांनी नव्वदच्या दशकात एकमेकींना निरोध वाटत एचआयव्ही रोखण्याचं काम उभं केलं.

पुन्हा लिहायचं तर जरूर लिहा. ‘थेरं’ दिसलं की प्रतिक्रिया काढून टाकेन, कारण इथे कॉलेजची पोरंही वाचायला येतात. त्यांच्यासाठी एड्स हेल्पलाइनचा नंबर पुन्हा देतो: १०९७. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.